मी स्वतःला नाकारलं कधी होतं?

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात ‘वेलनेस वीक’ झाला. सोमवारी योगासनं, मंगळवारी दातांची तपासणी, बुधवारी झाडांच्या कुंड्या वाटल्या आणि गुरुवारी एक रंगकर्मी बाई आल्या. एकपात्री प्रयोग करतात. बाई बोलल्या चांगल्या, त्यात काही खोट नाही. लहानपणी रंगावरून आणि अंगकाठीवरून काय काय ऐकावं लागलं, पहिल्या प्रयोगाला विंगेत उभ्या असताना पाय कसे लटपटत होते, टाळ्या पडल्यावर स्वतःकडे बघायची नजर कशी बदलली, हे त्यांनी मनापासून सांगितलं. माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणायला लावलं, ‘मी पुरेसा आहे.’ (मराठीत असं कुणी म्हणतं का? पुरेसं असतं ते पीठ, नाहीतर पाणी. असो.)

बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की मंचावर आपल्यासारखं माणूस दिसलं की आपण एकटे नाही असं वाटतं, प्रतिनिधित्व म्हणजे हेच. मी हात वर केला. विचारलं, ‘मॅडम, मराठी नाटकात माझ्यासारखं माणूस शोधायचं तर कुठे शोधू? मी शहापूरचा. घरात कोकणी बोलतो, शाळा मराठी, नमाज पढतो. आमच्यातलं माणूस नाटकात येतं तेव्हा एकतर ते अत्तर विकत असतं, नाहीतर शेवटी तेच गुन्हेगार निघतं.’

बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, पण तुम्ही किती सुंदर मराठी बोलता!’

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी.

हे वाक्य न ऐकलेला मराठी मुसलमान मला अजून भेटायचा आहे. तुम्हीही ऐकलं असणार. कॉलेजात, मुलाखतीत, बँकेत, लग्नात. म्हणणारा प्रेमानं म्हणतो, म्हणून रागावताही येत नाही. आपण ‘थँक्यू’ म्हणतो. इथेच आपलं चुकतं. माझ्या दादीला सही करता येत नव्हती, पण भातकापणीला मजूर ठरवण्यापासून तलाठ्याशी भांडण्यापर्यंत तिचा सगळा व्यवहार मराठीत चालायचा. ‘आजी, तुमचं मराठी छान आहे’ असं तिला कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. तिला कौतुकाची गरज नव्हती, कारण ती पाहुणी नव्हती. कौतुक पाहुण्याच्या भाषेचं होतं, घरच्या माणसाच्या नाही. तिच्यापासून माझ्यापर्यंत दोन पिढ्या. शिक्षण वाढलं, पगार वाढला आणि आम्ही पाहुणे झालो.

‘स्वतःला स्वीकारा’ या सल्ल्याशी माझं भांडण आहे ते इथे. हा सल्ला गृहीत धरतो की नकार माझ्या आतून आला आहे. म्हणजे दुरुस्ती माझ्यात करायची. आमच्या धंद्यात याला कामचुकारपणा म्हणतात: सर्व्हर बंद पडलेला असताना ग्राहकाला सांगायचं, ‘सर, तुमचा फोन एकदा बंद करून चालू करून बघा.’ मी स्वतःला नाकारलं कधी होतं? मला माझं नाव आवडायचं. माझं घर, गाव, भाषा, रमजानातली पहाट, माहुलीच्या कड्यावरून उतरणारा पाऊस, सगळं आवडायचं. यातलं काही लपवावं असं मला कुणीतरी शिकवलं. कुठे शिकवलं तेही सांगतो, कारण ते मंचावरच शिकवलं गेलं.

तालुक्यातल्या मराठी शाळेत मी सातवी, आठवी, नववी अशी तीन वर्षं गॅदरिंगला अफझलखान झालो. भूमिकेला मान होता. शिवाजी महाराजांच्या भूमिकेसाठी चार मुलं भांडायची, खानासाठी एकच उमेदवार, बिनविरोध. आठवीत मी सरांना म्हणालो, ‘सर, यंदा मला पोवाडा म्हणू द्या.’ आवाज माझा बरा होता, १५ ऑगस्टला समूहगीतात पुढे उभं करायचे. सर वाईट माणूस नव्हते. त्या वर्षी माझ्या वह्या त्यांनीच घेऊन दिल्या होत्या. ते म्हणाले, ‘अरे, तुला खानच शोभतो. तुझे उर्दू उच्चार असे दुसऱ्या कुणाला जमणार?’

मला उर्दू येत नव्हतं. घरात कोकणी, बाहेर मराठी, मदरशात अरबी वाचायचो तेही अर्थ न कळता. खानाचे संवाद मी हिंदी सिनेमातल्या खलनायकांवरून उचलले होते. म्हणजे आमच्या नाटकातला ‘अस्सल मुसलमान’ मी पाठ करून झालो होतो, जसा कुणीही झाला असता.

पहिल्या वर्षी अम्मीनं स्वतः हिरवा झगा शिवून दिला आणि पहिल्या रांगेत बसून नाटक बघितलं. दुसऱ्या वर्षी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या वर्षी मी तिला विचारलंच नाही. गॅदरिंग संपल्यावर महिना-दोन महिने वर्गातली पोरं कंपासमधली पट्टी माझ्या पोटाला लावून वाघनखं वाघनखं खेळायची. मीही हसत मरून पडायचो. मरायची मला चांगली सवय झाली होती.

पुढे इंजिनिअरिंगला असताना वाचनालयात कळलं की प्रतापगडाच्या भेटीत खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांबरोबरच्या मोजक्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. आमच्या शाळेत कुलकर्णी आडनावाची तीन मुलं होती. त्यांच्यापैकी कुणाला ‘तुझं आडनाव शोभतं’ म्हणून वकील केलं नाही. करूही नये. पण सिद्दी इब्राहिम नाटकात नव्हताच. लिहिणाऱ्यानं तो गाळला होता. तो असता तर मी त्याच्यासाठी भांडलो असतो, आणि कदाचित वर्गातली आणखी दोन मुलंही भांडली असती. प्रतिनिधित्व म्हणजे माझ्या मते ही भूमिका. नट कोण हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, नाटक कुणी लिहिलं?

आता मोठ्या मंचाकडे या. पडघा शहापूरपासून लांब नाही, त्याच महामार्गावर. ९ डिसेंबर २०२३ ला एनआयएनं पडघ्याजवळच्या बोरिवली गावात छापे घातले, अटका झाल्या. आरोप गंभीर आहेत, प्रकरण कोर्टात आहे. जो दोषी ठरेल त्याला शिक्षा व्हावी, यावर माझं दुमत नाही आणि तुमचंही नसावं. पण चॅनलवाल्यांचं नाटक कोर्टासाठी थांबत नाही. दोन दिवस आमचा अख्खा पट्टा टीव्हीवर होता: मशिदीचे मिनार, टोपीवाली माणसं, लाल गोल आणि मागे भेसूर संगीत. या भागात माणसं भात लावतात, गाड्या चालवतात, किराणा विकतात, लोकलला लोंबकळतात, हे कुणाला दाखवायचं नव्हतं. सोमवारी ऑफिसात एकानं विचारलं, ‘तू त्याच साइडचा ना रे?’ गमतीनंच विचारलं. मीही गमतीनंच ‘हो’ म्हणालो. त्यानंतर गाव विचारलं की मी ‘ठाणे’ सांगू लागलो. दाढी बारीक केली. फोनवर अम्मीशी बोलताना ‘सलाम’ हळू म्हणू लागलो. हे सगळं ठरवून केलं नाही, होत गेलं.

आणि मग एके संध्याकाळी कसारा लोकलमध्ये खडवली आणि वासिंदच्या मध्ये माझी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घाम, आता गेलो असं वाटलं. आसनगावला दोघांनी धरून उतरवलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ आणखी दोनदा तसंच झालं तेव्हा मी समुपदेशकाकडे गेलो.

त्याचा मला फायदा झाला. श्वास मोजायचा व्यायाम मी आजही करतो. तुमच्यापैकी कुणाला झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ईमान कमी पडलं म्हणून असं होतंय असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझा राग उपचारावर नाही. उपचाराच्या नावाखाली जे खपवलं जातं त्यावर आहे. मला समुपदेशक परवडला कारण मी इंजिनिअर आहे. माझा मामेभाऊ मुरबाडला राहतो, एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो. त्याची झोप उडाली तेव्हा मामूनं त्याला आधी दम करून घ्यायला नेलं, मग तावीज आणला. मी चिडलो, तर मामू म्हणाले, ‘बेटा, मग कुठे नेऊ ते सांग.’ मी ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव घेतलं. ते १९०१ सालचं. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीनं कल्याण, तिथून लोकल, मग रांग. म्हणजे दोघांची एक दिवसाची मजुरी, आणि औषध बदललं की पुन्हा तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं हा उपचार हक्क म्हणून दिला आहे आणि त्यासाठी माणसाला लांब जावं लागू नये असंही त्यात म्हटलं आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकर माणसांना तर मुरबाड गाठायलाही चालावं लागतं. त्यांच्यासमोर आरसा धरून ‘मी पुरेसा आहे’ म्हणायला लावणार का? या कायद्याचा पाठपुरावा हा आपला मुद्दा असला पाहिजे, आणि तो फक्त मुसलमानांचा असूही नये.

आता आपल्याकडच्या दुसऱ्या औषधाबद्दल. ‘आपला माणूस’ पुढे आला की आपलं भलं होतं, हे औषध. तुमच्यापैकी निम्म्यांच्या फोनवर मुनव्वर फारुकी असेल. माझ्याही आहे. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये त्याला शो चालू असताना पकडलं आणि महिन्याहून जास्त आत ठेवलं. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं अंतरिम जामीन दिला. पुढेही त्याचे शो एकामागून एक रद्द होत राहिले. त्याच्यावर अन्याय झाला आणि तो उभा राहिला. आईच्या मृत्यूबद्दल, लहानपणच्या गरिबीबद्दल तो उघडपणे बोलला आहे, आणि आपल्या पोरांना रडायची परवानगी मिळाली ती अशा बोलण्यातून, हेही मी मान्य करतो.

पण ऑगस्ट २०२४ आठवा. त्याच्या एका शोचा तुकडा फिरला, त्यात कोकणी लोकांवर त्यानं एक शिवराळ विनोद केला होता. नेत्यांनी धमक्या दिल्या, त्यानं व्हिडिओ करून माफी मागितली, विषय संपला. त्या दोन दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर विचित्र शांतता होती. धमक्या देणाऱ्यांना ‘कोकणी माणूस’ म्हटल्यावर एकाच धर्माचा माणूस दिसत होता. मुनव्वरच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मुसलमान म्हटल्यावर एकाच भाषेचा माणूस दिसत होता. आणि आम्ही, जे दोन्ही आहोत, रत्नागिरीपासून भिवंडी-शहापूरपर्यंत पिढ्यान् पिढ्या दोन्ही आहोत, आम्हाला राग आला की हसू, हे कुणी विचारलंच नाही. आम्हीही बोललो नाही. ‘आपला माणूस’ मंचावर होता, ‘आपली अस्मिता’ रस्त्यावर होती आणि आपण दोन्हीकडे गैरहजर. त्यात मुनव्वरचा दोष थोडा. तो डोंगरीत वाढलेला, त्याची भाषा, त्याचं दुःख त्याचं आहे. आपण आपलं तोंड त्याला भाड्यानं दिलं, हा दोष आपला.

मला इथे शाहीर अमर शेख आठवतात. किती जणांना नाव माहीत आहे? मला बावीस-तेविसाव्या वर्षी कळलं, तेही एका दलित मित्राकडून. महबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. गरीब घर. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संप, तुरुंग. आईकडून, मुनेरबीकडून, गाणी आणि गळा मिळाला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावच्या मैदानांवर त्यांचा पहाडी आवाज घुमला. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. २९ ऑगस्ट १९६९ ला अपघातात गेले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. आमच्या मोहल्ल्यात त्यांच्या नावाचा एक बाकसुद्धा नाही.

काही जण म्हणतात, ‘अमर’ नाव घेतलं म्हणजे तेही लपलेच की. मी यावर बराच विचार केला आहे. त्याच काळात युसुफ खान दिलीपकुमार झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांपासून वेगळं झाल्यावर त्यांच्या मुलांची नावं बदलली, सकीनाची सरस्वती झाली, पुढे सरस्वती राणे म्हणून मोठी झाली. त्यांना दोष द्यायला मी कोण? मी तर नुसतं गाव बदलून सांगत होतो. पण अमर शेखांनी ‘शेख’ ठेवलं. हजारोंच्या सभेत निवेदक ते आडनाव पुकारायचा आणि मग तो माणूस मराठीत गायचा, शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल, गिरणीबद्दल, मुंबईबद्दल. ‘तुमचं मराठी किती छान’ असं त्या मैदानातून कुणी ओरडलं असेल असं वाटतं का तुम्हाला? महाराष्ट्र कुणाचा हे तेव्हा ठरत होतं आणि ठरवणाऱ्यांत ते होते. त्यांनी स्वीकार मागितला नाही, कारण त्यांना मागायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते सगळ्यांसाठी होतं.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं माझ्या मनात नाही. ‘मुसलमानांचं योगदान’ या नावानं ज्या याद्या ग्रुपवर फिरतात, शेख महंमद, सगनभाऊ, अमुक तोफ ओतणारा, तमुक सरदार, त्या बघितल्या की मला नोकरीचा अर्ज वाचल्यासारखं वाटतं. चारशे वर्षं राहिल्यावर अर्ज कसला करता? आणि शाहिरीची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते. त्यांच्या मुलीचं, मलिका अमर शेख यांचं आत्मकथन १९८४ मध्ये आलं, त्याचं नावच ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. ऑफिसातल्या त्या बाईंनी ते वेलनेस वीकला वाचायला हवं होतं. स्वतःबद्दल खरं बोलणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं, आणि त्यानं कुणाला बरं वाटावं अशी त्याची अपेक्षा नाही.

मोहल्ल्यात अमर शेख का नाहीत, याचं उत्तर मला आपल्याच लोकांकडून मिळालं. मी आणि मामेभावानं ठरवलं आहे की यंदा २० ऑक्टोबरला मुरबाडला संध्याकाळचा कार्यक्रम करायचा. जमातीतले एक बुजुर्ग म्हणाले, ‘तो कम्युनिस्ट होता, आपला कसला?’ दुसरे म्हणाले, ‘डफ-बिफ नको, वाजवणं बरं नाही.’ मी म्हणालो, ‘चाचा, लग्नात डीजे लागतो तेव्हा तुम्ही घरी असता का?’ उद्धट बोललो, मान्य आहे. अम्मीनं मला दुसऱ्या दिवशी माफी मागायला पाठवलं आणि मी मागितलीही. पण डफ राहणार. हॉलवाल्यानं वेगळाच प्रश्न काढला. ‘मुस्लिम कार्यक्रम आहे का? मग पोलिसांना कळवावं लागेल.’ मी म्हणालो, ‘मराठी शाहिराचा आहे.’ तो म्हणाला, ‘पण नाव शेख लिहिलंय.’ आम्ही पोलीस ठाण्यात रीतसर अर्ज दिला आहे. त्यात माझं पूर्ण नाव आहे आणि पत्ता शहापूरचा.

बहिणीची मुलगी आठवीत आहे, ती पोवाडा म्हणणार. स्वतःच लिहितेय, सिद्दी इब्राहिमवर. दोन कडवी झाली आहेत, यमक चुकतंय आणि माझं ऐकत नाही. दंडावर डफ मारत एसटीच्या ठेक्यावर गुणगुणत असते, त्यामुळे शेजारच्या काकू तिला ‘शाहीर’ म्हणायला लागल्या आहेत. तिच्या बाबांना वाटतं, मुलीनं असं मंचावर जाऊ नये. बहीण त्यांच्याशी भांडते आहे, निकाल अजून लागायचा आहे. डफ मिळाला. म्हसाच्या जत्रेत तमाशाच्या तंबूबाहेर ओळख झालेल्या एका ढोलकीवाल्यानं येतो म्हणून सांगितलं आहे, जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. तुणतुणं मात्र कुठे मिळालेलं नाही. कल्याणच्या दुकानात विचारलं तर त्यानं गिटार दाखवली. शहापूर, मुरबाड किंवा भिवंडीकडे कुणाच्या घरी माळ्यावर जुनं पडलेलं असेल तर कळवा, तार आम्ही नवी घालून घेऊ.